गारगोटी घरी घोटायची, तर खर्च किती?

यवतमाळ जिल्ह्यात धुऱ्यावर गोट्यांचा ढीग नाही असं शेत शोधावं लागेल. वखराला नडतात म्हणून पिढ्यान्‌पिढ्या वेचून टाकलेल्या या गोट्यांत काळा दगड असतो, पांढरी गार असते आणि मधूनच एखादी मधाळ, राखाडी किंवा निळसर, पट्ट्यापट्ट्यांची गारगोटी असते. तीच अकीक. दुकानात तिचं लॉकेट किंवा माळ विकत घेताना शेकडो रुपये मोजावे लागतात. धुऱ्यावर ती फुकट पडलेली आहे. मधलं अंतर आहे ते घोटण्याचं, आणि ते काम घरी करता येतं. त्यासाठी किती पैसे, किती वेळ आणि किती पाणी लागतं, याचा हा हिशोब.

आधी थोडक्यात. हातानं, पॉलिश पेपरवर एखादा दगड घोटायचा असेल तर ५०० रुपयांच्या आत भागतं. गावातल्या कूलर दुरुस्तीवाल्याकडची जुनी मोटर घेऊन यंत्र जुळवलं तर पावडरीसकट ४ ते ६ हजार रुपये. तयार परदेशी टंबलर (ड्रममध्ये दगड फिरवून घोटणारं यंत्र) मागवला तर १० ते २० हजार, कधी त्याहून जास्त. पुढचे सगळे भाव अंदाजाचे आहेत. दुकान, मोसम आणि तुमची घासाघीस यांनुसार ते खालीवर होतील. पण कुठली वस्तू किती प्रमाणात लागते, ते प्रमाण बदलत नाही आणि खरा खर्च तिथेच ठरतो.

दगड फुकट, निवड मात्र महाग

आपल्या जिल्ह्याचा बहुतेक भाग दख्खनच्या लाव्ह्याचा आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्या पोकळ्यांत पुढे सिलिका पाझरून थरावर थर बसत गेला. वरचा काळा दगड कुजून काळी माती झाली. सिलिका कुजत नाही, म्हणून गारगोट्या मातीत उरल्या. माणसाला त्यांची ओळखही जुनी आहे. नागपूरजवळच्या माहुरझरीला दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी अकीक आणि तत्सम दगडांचे मणी घडवले जात होते, हे उत्खननातून दिसलेलं आहे. यंत्राशिवाय, भोकं पाडून, आणि आजही नजर ठरत नाही इतके सुबक.

गोळा करायला दोन वेळा चांगल्या. एप्रिल-मे महिन्यात पैनगंगा, अरुणावती, अडाण, पूस यांची पात्रं उघडी पडतात तेव्हा, आणि मृगाच्या पहिल्या एकदोन पावसांनंतर, नांगरलेल्या रानात धुतलेली गारगोटी उन्हात लकाकते तेव्हा. शेतमालकाला विचारूनच आत जा. बहुतेक जण हसून म्हणतील, ‘न्या ना, आमची ब्यादच जाईल.’ तरीही विचारायचं.

सापडलेली प्रत्येक गोटी घरी आणायची नाही. दगड ओला करा. ओला दगड घोटल्यावर कसा दिसेल ते साधारण दाखवतो. मग मागून मोबाईलचा टॉर्च लावा. उजेड कडेनं आरपार येत असेल आणि आत आडव्यातिडव्या चमकत्या भेगा नसतील, तर दगड ठेवा. भेगाळ दगड ड्रममध्ये फुटतो, त्याचे धारदार तुकडे बाकीच्यांना ओरबाडतात आणि महिन्याची मेहनत एका दगडापायी जाते. शेवटी पोलादी सुरीचं टोक घासून पाहा. अकीक मोहच्या कठीणपणाच्या मापावर साडेसहा ते सातवर बसतो, सुरीला दाद देत नाही. उलट सुरीचीच रेघ त्याच्यावर उमटते. ओरखडा पडला तर तो कॅल्साइट किंवा झिओलाइट. दिसायला सुंदर, पण या कामाला निरुपयोगी. असे मऊ दगड अकिकाबरोबर फिरवले तर त्यांचं पीठ होतं.

वणी, मारेगाव, झरी जामणी या बाजूच्या वाचकांनी एक काळजी जास्त घ्यावी. तिकडे चुनखडी आणि वाळूचा दगड मोठ्या प्रमाणावर आहे; मुकुटबनला सिमेंटचा कारखाना उभा राहिला तो या चुनखडीवरच. तिथल्या नदीच्या गोट्यांत चुनखडीचे गुळगुळीत गोटे सर्रास मिसळलेले असतात आणि ते फसवतात. शंका आली तर दगड थोडा खरवडून त्यावर लिंबू पिळा. बुडबुडे आले की बाजूला टाका.

आता कायद्याचं. अकीक हे केंद्र सरकारनं २०१५ साली गौण खनिज म्हणून जाहीर केलेलं आहे, म्हणजे त्याचा अधिकार राज्य सरकारकडे आहे. छंदासाठी पिशवीभर गोट्या वेचणं वेगळं आणि ट्रॅक्टर-ट्रॉली भरणं वेगळं. विनापरवाना उत्खनन आणि वाहतुकीला जबर दंड आहे. टिपेश्वर आणि पैनगंगा अभयारण्यांतून एक खडाही उचलू नका. झरी जामणीकडे शिबला गावाजवळ २०२१ मध्ये रस्त्याच्या कामात सहा बाजूंच्या खांबांसारखा बेसॉल्ट उघडा पडला, त्याची बातमी तुम्ही वाचली असेल. तसल्या ठिकाणी हातोडी घेऊन जायचं नाही. तो ठेवा सगळ्या जिल्ह्याचा आहे.

दीड किलो निवडलेले दगड, शेंगदाण्यापासून लिंबापर्यंतच्या आकाराचे, एवढे एका वेळेला पुरतात. आकार मिसळलेले हवेत. लहान दगड मोठ्यांच्या खोबणीत शिरून घासतात. सगळे लिंबाएवढे घेतले तर ते एकमेकांवर आपटत राहतात आणि कडा टवके उडून खराब होतात.

यंत्र

टंबलर म्हणजे दोन फिरत्या दांड्यांवर आडवा ठेवलेला ड्रम. एवढंच. परदेशी तयार संच छान, बंदिस्त, कमी विजेचे असतात. अमेरिकेत ६० ते १०० डॉलरला मिळणारं लहान यंत्र इथे आयात कर आणि दलालीसकट फार महाग पडतं, आणि पट्टा तुटला की तसाच पट्टा पुन्हा बाहेरून मागवावा लागतो. सराफ चांदी उजळायला जे लहान ड्रम वापरतात ते देशात मिळतात. पण ते काही तास चालवण्यासाठी केलेले असतात आणि आपलं यंत्र महिनाभर रात्रंदिवस चालणार. घ्यायचंच असेल तर विक्रेत्याला ‘सलग चालेल का’ हा एकच प्रश्न विचारा आणि उत्तर बिलावर लिहून घ्या. थरथरणारे टंबलरही असतात; ते दगड लवकर चमकवतात पण गोल करत नाहीत, आणि किंमत जास्त. नवशिक्यानं त्या वाटेला जाऊ नये.

माझा कौल जुळवलेल्या यंत्राला. विदर्भात कूलर आणि एक्झॉस्ट पंख्याच्या मोटरी दुरुस्त करणारं दुकान प्रत्येक तालुक्याच्या गावात आहे. दिवाळीनंतर तिथे जुनी, नव्यानं वाइंडिंग केलेली लहान मोटर ४०० ते ७०० रुपयांत मिळावी. मागच्या पाटीवर वॅट वाचा. ६० वॅटच्या वर जाऊ नका. १२ मिलिमीटरच्या दोन सळ्या १५० ते २००, चार पेडेस्टल बेअरिंग ५०० ते ८००, दोन पुल्या आणि पट्टा ३५० ते ५००. ड्रमसाठी चार इंची जाड पीव्हीसी पाइपाचा सहा इंच तुकडा, एका बाजूला चिकटवलेलं आणि दुसऱ्या बाजूला चुडीचं झाकण, ३०० ते ४००. लोखंडी अँगलची चौकट ६०० ते ९००. वायर, स्विच आणि एमसीबी ३५० ते ४५०. लेथ आणि वेल्डिंगची मजुरी ४०० ते ६००. बेरीज साधारण ३,००० ते साडेचार हजार.

इथे वेगाचं गणित चुकलं तर सगळं चुकतं, म्हणून ते नीट मांडतो. ड्रम मिनिटाला ५० च्या आसपास फिरायला हवा. त्याहून फार जोरात फिरवला तर दगड वर चढून धाडकन खाली पडतात आणि फुटतात. फार हळू फिरवला तर ते घसरतात, घासत नाहीत. पंख्याची मोटर मिनिटाला सुमारे १,४०० फेरे घेते. तिच्यावर एक इंचाची पुली आणि सळीवर पाच इंचाची पुली लावली की सळी २८० फेरे घेते. सळीवर रबरी नळी चढवून तिची जाडी २० मिलिमीटर झाली आणि ड्रम ११० मिलिमीटरचा असला, तर ड्रमचे फेरे होतात सुमारे ५१. हे आकडे लेथवाल्याला कागदावर लिहून द्या.

आणखी दोन गोष्टी. पंख्याची मोटर पंख्याच्याच वाऱ्यानं थंड राहते. पातं काढलं की ती तापून जळते. म्हणून मागच्या टोकाला लहान पातं ठेवा, किंवा बाजूला छोटा पंखा लावा. दुसरं, ड्रमच्या आत ट्रकच्या जुन्या ट्यूबचं अस्तर लावा. पंक्चरवाला ते पन्नासएक रुपयांत कापून देतो. आवाज निम्म्यावर येतो, दगडांना टवके कमी उडतात आणि पाइप झिजत नाही. पॉलिशसाठी दुसरा, वेगळा ड्रम करून ठेवा. ३०० रुपये जास्त जातील, पण जाड पावडरीचा एक कण पॉलिशमध्ये गेला तर सगळ्या दगडांवर ओरखडे येतात. त्या मानानं ३०० रुपये काहीच नाहीत.

यंत्र पडवीत, सावलीत, रबरी चटईवर ठेवा. मोटर ड्रमच्या खाली नको, शेजारी उंचावर हवी, म्हणजे ड्रम गळला तरी पाणी तिच्यावर येणार नाही. अर्थिंगशिवाय चालू करू नका.

पावडर आणि वेळ

दगड झिजवते ती सिलिकॉन कार्बाइडची पावडर. बाजारात कार्बोरंडम म्हणून ओळखतात. तीन नंबर लागतात: ८०, २२० आणि ६००. शेवटच्या चमकेसाठी सेरियम ऑक्साइड, काचेवरचे ओरखडे काढणारे वापरतात ते. पॉलिश पेपर यवतमाळ, पुसद, वणी कुठेही हार्डवेअरमध्ये मिळेल. सुटी पावडर, विशेषतः बारीक, नागपुरातून किंवा ऑनलाइन मागवावी लागेल. मोटारीच्या दुकानातली व्हॉल्व्ह घासायची पेस्ट घेऊ नका, तिच्यात तेल असतं.

सुरुवातीला ८० नंबर एक किलो, २२० आणि ६०० अर्धा-अर्धा किलो, सेरियम पाव किलो घ्या. सुटे भाव धरून ९०० ते १,३०० रुपये होतात. कार्बोरंडम किलोला तीन-चारशे आणि सेरियम बारा ते अठराशे, असा हा अंदाज आहे. ‘अकीक पॉलिशिंग किट’ म्हणून विकली जाणारी छोटी पाकिटं टाळा. त्यात हीच पावडर पन्नास-शंभर ग्रॅम असते आणि पैसे किलोचे लावतात.

ड्रम दोन तृतीयांश दगडांनी भरा. आपल्या पाइपात सव्वा किलोच्या आसपास मावतील. ८० नंबरची पावडर चार मोठे चमचे, म्हणजे शंभर ग्रॅमच्या आतबाहेर. पाणी दगडांच्या वरच्या थराच्या जरा खाली. झाकण घट्ट करून सुरू करा. दुसऱ्या दिवसापासून रोज एकदा झाकण सैल करून वायू जाऊ द्या. आत दाब साठतो.

आठवड्यानं उघडलं की आतला गाळ रबडीइतका दाट झालेला दिसतो. तेव्हाच तो नीट काम करत असतो. दगड धुऊन एकेक हातात घ्या, अंगठा फिरवा. खाच, खळगा, सालीचा खडबडीत भाग लागला तर तो दगड परत आत, नव्या पावडरीसह. आमचा अकीक चिवट आहे. पहिला टप्पा दोन आठवड्यांत उरकला तर नशीब, तीनही लागतात. बहुतेक लोक इथेच घाई करतात. पहिल्या टप्प्यात राहिलेला खड्डा पुढचा कोणताही टप्पा काढत नाही. तो नुसता चमकदार खड्डा होतो.

मग २२० नंबर एक आठवडा, ६०० नंबर एक आठवडा. प्रत्येकी शंभर ग्रॅम. ६०० नंतर दगड कोरडा करून पाहा. ओला दगड नेहमीच सुंदर दिसतो, त्याच्यावर विश्वास ठेवू नका. कोरडेपणी मंद, रेशमी झळाळी दिसली तरच पुढे जा. अंगाच्या साध्या साबणाची वडी किसून त्या पाण्यात दगड चार तास फिरवा, कोनाकोपऱ्यांतली पावडर निघते. मग दुसऱ्या ड्रममध्ये ५० ते ६० ग्रॅम सेरियम टाकून आठवडाभर. बल्बचं प्रतिबिंब दगडात स्पष्ट, काठासकट दिसलं की झालं.

एकूण पाच ते सहा आठवडे. पावडर आणि साबण मिळून एका खेपेला साधारण २५० रुपये. सव्वा किलोचे साडेआठशे-नऊशे ग्रॅम उरतात. बाकीचं गाळात जातं.

वीज, पाणी आणि तो गाळ

६० वॅटची मोटर पाच आठवडे सलग चालली तर ५० युनिट जळतात. घरचा वापर शंभर युनिटांच्या आत राहत असेल तर युनिटला सहा-सात रुपये, म्हणजे साडेतीनशे. आधीच शंभराच्या वर असाल तर पुढचं युनिट बारा-तेराला पडतं, म्हणजे साडेसहाशे. महावितरणच्या आपल्या बिलावरचे टप्पे बघा, दर बदलत असतात. तयार परदेशी यंत्र साधारण २५ वॅट खातं, त्याला हाच खर्च दीडशे ते पावणेतीनशे. वर्षाला चार खेपा केल्या तर फरक आठशे ते दीड हजारांचा. म्हणून मोटर घेताना वॅट बघा, असं वर सांगितलं. भारनियमनाची काळजी नको. तास-दोन तास थांबलं तर बिघडत नाही. रात्रभर थांबलं तर गाळ बसतो, तेव्हा ड्रम हातानं हलवून मगच सुरू करा. उन्हाळ्यात मात्र यंत्र बंद ठेवा. ४४-४५ अंशांत मोटर टिकणार नाही आणि पाण्याचीही ओढ असते.

पाण्याचं गांभीर्य यवतमाळकरांना वेगळं सांगायला नको. २०१८ चा उन्हाळा, निळोणा आणि चापडोह धरणांचे उघडे पडलेले तळ, टँकरच्या रांगा, सगळ्यांना आठवतं. दगड नळाखाली धुऊ नका. दोन बादल्या घ्या: पहिल्या बादलीत मुख्य गाळ, दुसरीत खळबळणं. रात्रभर ठेवलं की गाळ तळाशी बसतो आणि वरचं निवळलेलं पाणी पुढच्या पहिल्या धुण्याला चालतं. अशा रीतीनं एका टप्प्याला दहा लिटरमध्ये भागतं.

तळचा गाळ मोरीत, बेसिनमध्ये, गटारात कधीही नाही. तो पाइपात सिमेंटसारखा घट्ट बसतो आणि प्लंबरचं बिल यंत्राच्या किमतीला भिडतं. अंगणात खड्डा खणून ओलाच ओता आणि वर माती टाका.

ओलाच म्हणतो, त्याला कारण आहे. वाळलेल्या गाळाची धूळ सिलिकाची असते आणि ती छातीत बसली की निघत नाही. गुजरातेत खंभातला अकिकाचा धंदा शतकानुशतकांचा. तिथल्या घासकाम करणाऱ्या कारागिरांना सिलिकोसिसनं गाठलं, याच्या वैद्यकीय नोंदी आहेत, आणि हा आजार बरा होत नाही. टंबलरमध्ये सगळं ओलं असतं म्हणून हा छंद घरात चालण्याजोगा आहे. हातातल्या ग्राइंडरनं कोरडा दगड घासणं, टाइल कटरनं पाण्याशिवाय कापणं, वाळलेला गाळ झाडूनं झाडणं, हे तिन्ही घरात, विशेषतः मुलं असलेल्या घरात, अजिबात करू नका. साधा कापडी मास्क यावर उपाय नव्हे. सांडलेला गाळ ओल्या फडक्यानं पुसा.

यंत्र नको असेल, किंवा मुलांना आधी गोडी लावून बघायची असेल, तर हाताचा मार्ग आहे. फुटलेल्या अकिकाची सपाट बाजू निवडा, काचेच्या जाड तुकड्यावर पाण्याचा पॉलिश पेपर ठेवा, आणि १२० पासून २,००० नंबरपर्यंत ओला ठेवून घासत जा. पेपर पंधरा-वीस रुपयांना एक, दहा-बारा लागतात. शेवटी जुन्या चामड्यावर थोडं सेरियम. कित्येक संध्याकाळी जातात, हात भरून येतात, पण पट्टे उघडताना मुलं जागची हलत नाहीत. दगड एकच होतो, तो आयुष्यभर राहतो.

विकून पैसे सुटतील का?

नाही. पावडर २५०, वीज ३५० ते ६५०, म्हणजे जुळवलेल्या यंत्रावर एका खेपेला ६०० ते ९००, तेही यंत्राची झीज आणि तुमचा वेळ न धरता. हाती येतात साडेआठशे-नऊशे ग्रॅम. खंभातहून येणारे घोटलेले दगड घाऊक बाजारात किलोला याच्या आसपास किंवा कमीच भावात मिळतात. गारगोटी घोटून महिना हजारो कमवा, असं सांगून कुणी तुम्हाला यंत्र विकू पाहत असेल, तर ते घेऊ नका. आपल्या शेतातली, आपल्या नदीची गारगोटी आपल्या हातानं उजळली, एवढंच या छंदाचं मोल आहे. ज्याला ते पुरेसं वाटेल त्यानं खर्च करावा. सिन्नरचं गारगोटी संग्रहालय एकदा पाहून या. महाराष्ट्राच्या या दगडांत काय काय दडलेलं आहे ते तिथे दिसतं, आणि खर्च करायचा की नाही हेही ठरतं.

सुरुवात करायचीच असेल तर उन्हाळ्यात आणि मृगात दगड जमवा, दिवाळीनंतर यंत्र जुळवा, आणि पहिली खेप मार्गशीर्षात लावा. टॉर्च आणि सुरीच्या परीक्षेत उतरलेले दीड किलो दगड घरात जमेपर्यंत मात्र मोटर, पावडर, काहीही विकत घेऊ नका.